ओढाओढ

सीप्झच्या आत, पाचव्या मजल्यावर,
रात्री दोन चाळीसला
माझ्या टेबलावर एक बोर्ड उघडा पडलाय,
तळहाताएवढा, हिरवा, आठ प्रोसेसरांचा.
याच्या भरवशावर गोदीतली क्रेन
कंटेनर उचलणार, त्याचा झोका आवरणार,
आणि खाली माणसं असणार.

झोका आवरणाऱ्या कामाला ठरल्या क्षणी जागं व्हावं लागतं.
पन्नास मायक्रोसेकंद, त्यापुढे नाही.
लवकर नको. सरासरी तर नकोच.
वेळेवर.
आलेखावर मात्र दर काही मिनिटांनी
एक काटा उभा राहतो, चारशे अकरा,
वांगं चिरताना देठातला बोटात शिरावा तसा.

इग्नेशियस रिबेलो वसईला निघताना म्हणाला होता,
"कामाला हात कमी पडत नाहीयेत, वृंदा.
मदत जास्त होतेय."
मला वाटलं, झोपेत बोलतोय.

मग नोंदी ओळीने वाचल्या.
तिसऱ्या प्रोसेसरवर दोन तातडीची कामं,
एक चाललेलं, एक दाराशी ताटकळलेलं.
बाकीचे सात आपापलं उरकून
एकाच क्षणी मोकळे झालेले
आणि एकाच क्षणी तिसऱ्याकडे धावलेले,
दे, मी घेतो. दे, मी घेतो.
सगळ्यांना त्याच्याच रांगेची तीच एक किल्ली हवी.
एकाला काम मिळतं.
सहा जण कुलूप हलवून परत जातात,
आणि तेवढा वेळ तिसऱ्याला
स्वतःच्याच घरात शिरता येत नाही.

आमच्याकडे, कन्नमवार नगरात,
बाबांचा डावा हात गेल्यापासून अकरा दिवस
आईचा फोन असाच वाजतोय.
"काही लागलं तर सांग हं."
डोंबिवलीची आत्या, बँकेतले गुप्ते, खालचे सेक्रेटरी, मी.
मीही. दिवसातून चारदा, याच खुर्चीवरून.
आई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते,
बीपी किती, जेवले का, फिजिओवाला आला का,
आणि गॅसवर दूध.

समोरच्या इंदिरा पुजारी चौथ्या दिवशी
नुसत्या दारात येऊन उभ्या राहिल्या म्हणे.
ओले हात पदराला पुसत म्हणाल्या, "माझं आवरलंय."
विचारलं काहीच नाही.
आईने इकडेतिकडे पाहिलं
आणि औषधांची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.
काय द्यायचं ते तिला ठाऊक होतं.
लादलेल्यालाच ठाऊक असतं.

पावणेचारला मी सातांचे हात बांधले.
किल्लीला कोणी शिवायचं नाही.
मोकळा झालास तर एक निरोप धाड,
आणि दुसऱ्या कुणाचा आधीच वाटेत असेल
तर तोही नको.
ज्याच्यावर भार आहे तो श्वास घेईल,
ताटकळलेलं काम आपल्या हाताने उचलून देईल.
अडतीस. एकेचाळीस. अडतीस.
तासभर बघत राहिले. काटा आला नाही.
चहाच्या मशीनमध्ये दुधाची पावडर संपलेली,
तर गरम पाणीच प्यायले.

काही कामं तरीही हलत नाहीत.
त्यांच्या माथ्यावर एकाच प्रोसेसरचा क्रमांक असतो,
बाकी सात रिकामे बसले तरी
ती तिथेच थांबतात.
बाबा घास फक्त आईच्या हातून घेतात.
हे कुठल्या फाइलीत बदलायचं, मला माहीत नाही.

सव्वासहाची रिक्षा, पवईच्या तळ्याकडेने.
घरी आई पेज ढवळत होती.
फोन ओट्यावर पालथा, थरथरत कडेकडे सरकणारा.
मी दारात चपला काढल्या.
"माझं आवरलंय," म्हटलं.
तिने वर पाहिलंही नाही,
कोपराने मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.